पाऊस एवढा, मग पाणी जातं कुठे?

वाचकांचे प्रश्न : भूगोल

महाडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांच्या प्रश्नांपैकी आठ प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. बहुतेक प्रश्न घरच्या विहिरीचे, दारातल्या समुद्राचे आणि मागच्या डोंगराचे आहेत. उत्तरं देताना मात्र देशाच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत जावं लागलं. कोकणची जमीन अशी का वागते, हे गंगेचं मैदान, मेघालय किंवा लक्षद्वीप शेजारी ठेवून पाहिलं की लवकर उलगडतं.

प्रश्न : महाबळेश्वरला एकाच देवळात कृष्णा आणि सावित्री या दोघींचा उगम मानतात. सावित्री आमच्या महाडवरून बाणकोटला समुद्रात जाते. कृष्णा मात्र पाठ फिरवून आंध्रापर्यंत जाते. जवळचा समुद्र सोडून नदी एवढ्या लांब का जाईल?
— एक वाचक, महाड

उत्तर : नदी अंतर बघत नाही, उतार बघते. महाबळेश्वरचं पठार समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. त्याच्या पश्चिम कड्यावरून पडलेलं पाणी काही किलोमीटरांतच हजारभर मीटर खाली कोसळतं. तेच पाणी कड्याच्या पूर्वेला पडलं, तर त्याला हळूहळू कलत जाणारं दख्खनचं पठार मिळतं. कृष्णा सुमारे १,४०० किमी वाहते, म्हणजे तिला सरासरी किलोमीटरमागे जेमतेम एक मीटर उतार मिळतो. सावित्रीला तेवढीच उंची शंभर-सव्वाशे किलोमीटरांच्या आत उतरायची असते, आणि त्यातलाही बहुतेक भाग घाटातच संपतो.

पठार पूर्वेकडे कललं कसं, हा खरा प्रश्न. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर साचले. घाटातून जाताना कड्यावर आडव्या पायऱ्या दिसतात, ते हेच थर. त्यानंतर काही काळाने आज सेशेल्स बेटांखाली असलेला भूभाग भारतापासून तुटून दूर गेला. तुटलेल्या कडेच्या पश्चिमेची जमीन खचली आणि समुद्राखाली गेली. कडेचा पूर्वेकडचा भाग उंच राहिला आणि मागे, म्हणजे पूर्वेकडे कलला. गोदावरी त्र्यंबकेश्वरला अरबी समुद्रापासून अवघ्या ८० किमीवर उगम पावून १,४६५ किमीचा प्रवास करते, तो याच कलामुळे. नर्मदा आणि तापी पश्चिमेला वाहतात, कारण त्यांना जमीन खचून तयार झालेल्या लांबट दऱ्या मिळाल्या. त्या दोघींवरून बाकीच्या पठाराचा अंदाज बांधू नये.

तुलनेसाठी गंगा घ्या. हरिद्वारला ती मैदानात उतरते तेव्हा उंची ३१४ मीटर असते, आणि समुद्र तिथून दोन हजार किलोमीटरांहून लांब. किलोमीटरमागे उतार १५ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणून तिथे पूर आला की दिवसेंदिवस पसरून राहतो. महाड-चिपळूणला तो काही तासांत चढतो.

एक अपवाद माणसाने केलेला आहे. कोयना घाटमाथ्याला समांतर सुमारे ६५ किमी दक्षिणेला जाऊन हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. तिच्या धरणाचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला काढून पोफळीला जनित्रं फिरवली जातात आणि मग ते वाशिष्ठीत सोडलं जातं. त्यासाठी ठरवून दिलेलं पाणी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट आहे. चिपळूणजवळ भर उन्हाळ्यातही वाशिष्ठी वाहती दिसते, त्यात बंगालच्या उपसागराकडे जाणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा आहे.

प्रश्न : आमची वाडी सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या सपाटीवर आहे. पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरते आणि मार्चात तळ दिसतो. आणखी खोल खणली तर पाणी टिकेल का?
— एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : आधी हिशेब करू. एक मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तुमच्याकडे वर्षाला ३,००० मिमीच्या वर पडतो, म्हणजे हेक्टरी तीन कोटी लिटर. पडण्यात काहीच कमी नाही. ते थांबत नाही, एवढीच अडचण आहे.

कुठल्याही चिरेखाणीच्या उभ्या भिंतीकडे नीट पाहा. सगळ्यात वर कातळ, म्हणजे कडक कवच. त्याच्याखाली भोकाभोकांचा जांभा, ज्यातून चिरे काढतात. ताजा असताना तो मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. त्याखाली जांभा ठिसूळ होत जातो आणि शेवटी पांढरट-गुलाबी किंवा पिवळसर चिकणमातीचा थर लागतो. त्याच्याही खाली झिजलेला आणि मग अखंड काळा दगड. कातळावर पडलेलं बरंचसं पाणी वरच्यावर वाहून पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, जातं. भेगांतून जे मुरतं ते जांभ्याच्या भोकांतून भरभर उतरतं, चिकणमातीवर अडतं आणि तिच्या माथ्यावरून आडवं सरकत सड्याच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. सडा चारी बाजूंनी उघडा आहे. ऑक्टोबरात पाऊस थांबला की हा साठा कडेने रिकामा होत राहतो.

म्हणून खोल खणण्याआधी विहिरीच्या तळाला काय आहे ते पाहा. तळ अजून जांभ्यात असेल, तर चिकणमाती लागेपर्यंत खोली वाढवल्याने थोडा फायदा होतो. चिकणमाती लागली असेल तर तिथेच थांबा. ती फोडून खाली गेलात, तर वरचं अडून राहिलेलं पाणी खालच्या झिजलेल्या दगडात उतरण्याचा धोका असतो. शिवाय चिकणमातीच्या भिंती ढासळून विहीर गाळाने भरते. कूपनलिकेचं गणित वेगळं आहे. अखंड काळ्या दगडात पाणी फक्त भेगांत सापडतं, त्यामुळे दहा फुटांवरच्या दोन नळ्यांपैकी एकीला पाणी लागतं आणि दुसरी कोरडी जाते.

पुढच्या पावसाळ्यानंतर एक काम नक्की करा. दोरीला वजन बांधून १ ऑक्टोबरपासून दर पंधरा दिवसांनी काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा आणि लिहून ठेवा. सकाळी उपसा सुरू होण्याआधी मोजायचं, नाहीतर आकडे फसवतात. पहिल्या दोन महिन्यांतच पातळी झपाट्याने उतरली, तर पाणी कडेने पळतं आहे. मग विहिरीवर आणखी खर्च करण्याआधी सड्याखालच्या झऱ्यांकडे आणि पऱ्याकडे वळावं. सड्याच्या पायथ्याशी जिथे एप्रिलातही हिरवळ टिकते, तिथे चिकणमातीचा माथा उघडा पडलेला असतो. वाडीची सामायिक विहीर तिथे घेऊन पाणी पंपाने वर चढवणं हा खात्रीचा मार्ग.

पऱ्यावर वनराई बंधारा घालायचा तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, प्रवाह संथ झाल्यावर घाला. उशीर केला तर अडवायला पाणीच उरत नाही. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून दोन समांतर रांगा रचा आणि मधल्या फटीत चिकणमाती पाण्याने भिजवून पायाने तुडवत भरा. हे बंधारे तीन कारणांनी फुकट जातात. पोत्यांत नुसती वाळू भरली की बंधारा पाझरतो. सुट्या गोट्यांवर रचला की पाणी खालून निसटतं, म्हणून गोटे बाजूला करून कातळ किंवा घट्ट जमीन लागेपर्यंत जागा साफ करावी. आणि सांडवा ठेवला नाही, तर पाणी कडेची माती कापून बाजूने वाट काढतं. जूनच्या आधी पोती काढून घ्या.

हा प्रश्न एकट्या कोकणाचा नाही. मेघालयातल्या मौसिनरामला वर्षाला सरासरी ११,८०० मिमीच्या वर पाऊस पडतो, आणि शेजारच्या चेरापुंजीला हिवाळ्यात पाण्यासाठी वणवण होते. तिथेही तेच आहे, म्हणजे पठाराची कडा, पातळ माती आणि खाली पाणी झटकन सोडणारा दगड. उलट जैसलमेरला दोनशे मिमीच्या आसपास पाऊस असताना उताराच्या पायथ्याशी लांब बांध घालून पाणी अडवतात. त्याला तिथे खडीन म्हणतात. ते पाणी जिरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा घेतात.

प्रश्न : पुस्तकात भारताचा किनारा ७,५१६.६ किमी दिला आहे आणि आता ११,०९८.८१ किमी असं वाचण्यात येतं. मुलांना काय सांगायचं?
— एक शिक्षिका, दापोली

उत्तर : दोन्ही आकडे खरे आहेत, मोजपट्टी वेगळी आहे. जुनं मोजमाप १ : ४५,००,००० या प्रमाणाच्या नकाशावरचं, म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर साडेचार किलोमीटर. नवं मोजमाप १ : २,५०,००० वरचं, म्हणजे एक मिलिमीटरला २५० मीटर. जुन्या नकाशावर दाभोळची खाडी काय किंवा जयगडची काय, किनाऱ्याची रेघ मुखावरून सरळ पुढे जाते. नव्यात ती आत शिरून बाहेर येते. महाराष्ट्राचा आकडा पुस्तकातल्या ७२० वरून ८७७.९७ किमी झाला, तो असा. जमीन इंचभरही वाढलेली नाही.

कोकणचा किनारा इतका दातेरी का, तेही याच धड्यात सांगता येईल. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होती. नद्यांनी तेव्हा खोल दऱ्या कोरल्या. मग बर्फ वितळलं, समुद्र वर आला आणि त्या दऱ्यांची तोंडं बुडाली. आपल्या खाड्या म्हणजे या बुडालेल्या दऱ्या. पूर्व किनाऱ्यावर महानदी, गोदावरी, कृष्णा आणि कावेरी यांनी गाळ टाकून त्रिभुज प्रदेश बांधले. आपल्या नद्या आखूड, त्यांचा गाळ थोडा, आणि तोही भरती-ओहोटी आणि पावसाळी लाटा पसरवून टाकतात.

वर्गात करून पाहायला १ : ५०,००० चा भूपत्रक नकाशा घ्या. त्यावर २ सेंमी म्हणजे १ किमी. हर्णै ते दाभोळ हा किनारा आधी कर्काटकाची टोकं ४ सेंमी अंतरावर ठेवून मोजा, मग २ सेंमी आणि मग १ सेंमी. दर वेळी लांबी वाढलेली दिसेल. एक काळजी घ्यावी लागते, ती म्हणजे खाडीत आत कुठपर्यंत जायचं हे सगळ्या गटांनी आधीच ठरवून घ्यायचं. नाहीतर प्रत्येक गटाचं उत्तर वेगळं येतं आणि फरक मोजपट्टीमुळे पडला की ठरवण्यामुळे, ते कळत नाही. परीक्षेत अर्थात पुस्तकातला आकडा लिहावा.

प्रश्न : कालवं-मुळे (शिंपले) काढायला जाणाऱ्या बायका तिथीवरून भरतीची वेळ सांगतात. ते कितपत बरोबर असतं? आणि मुंबईला पाणी जास्त का चढतं?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : चांगलंच बरोबर असतं. तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती आणि साधारण १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल आणि वद्य पक्षाला हिशेब सारखाच. भरतीच्या वेळेपासून सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कारण दिवसभरात चंद्रही पुढे गेलेला असतो. पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत येते, म्हणून वेंगुर्ल्याला ती थोडी आधी आणि मुंबईला थोडी उशिरा येते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा. होडी बंदरात आणायची असेल किंवा पूल-बांधाचं काम असेल तर छापील भरती-तक्ताच पाहावा.

खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, उतरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला एक भाग पाणी चढतं. चढ २.४ मीटरचा असेल तर पहिल्या तासात फक्त २० सेंमी, मात्र तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून १ मीटर २० सेंमी. पहिल्या तासातलं पाणी पाहून अजून वेळ आहे असं वाटतं, आणि माणसं खडकावर अडकतात ती पुढच्या दोन तासांत. पाणी वळल्यापासून पाऊण तासात काठाकडे निघावं.

उधाण पौर्णिमा-अमावास्येच्या आणि त्यापुढच्या एक-दोन दिवसांत सर्वांत मोठं, भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती, अष्टमी-नवमीच्या सुमारास. मुंबईला पाणी पाच मीटरपर्यंत चढतं, भावनगरला दहा मीटरच्या वर, कोचीला जेमतेम एक मीटर. उत्तरेकडे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ खूप रुंद आहे आणि खंभातचं आखात आत आत अरुंद होत जातं. तेवढंच पाणी कमी जागेत कोंबलं गेलं की वर चढतं.

याचा पुराशीही संबंध आहे. नदीला पूर आणि खाडीला उधाण एका वेळी आलं की पाणी उतरायला वाटच राहत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा पौर्णिमा एका-दोन दिवसांवर होती. नदीकाठी राहणाऱ्यांनी पावसाच्या इशाऱ्यासोबत तिथीही पाहावी.

प्रश्न : रत्नागिरीत वाळू काळी आणि मालवणात पांढरी, असं का? काळ्या वाळूत लोखंड असतं का?
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : लोखंड असतं, सोबत टायटॅनियमही. काळा दगड झिजून सुटणाऱ्या कणांत मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट ही दोन खनिजं असतात. इल्मेनाइट साध्या वाळूच्या जवळजवळ पावणेदोनपट जड आहे. पावसाळी लाटा हलकी वाळू ओढून नेतात आणि जड कण मागे राहतात, म्हणून पावसाळ्यानंतर पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, काळे पट्टे जास्त उठून दिसतात. सिंधुदुर्गात लाव्ह्याचा थर संपत जातो आणि त्याखालचे कितीतरी जुने ग्रॅनाइट, नाइस आणि क्वार्टझाइट हे दगड उघडे पडतात. त्यांतून पांढरट गारगोटीची वाळू येते आणि तिच्यात शिंपल्यांचा चुरा मिसळतो.

घरी तपासायचं असेल तर दोन चमचे वाळू गोड्या पाण्याने तीनदा धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. ओली किंवा खारट वाळू चिकटते आणि चाचणी फसते. कागदावर पातळ पसरा. जुन्या स्पीकरमधलं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून फिरवा. पिशवी घालायला विसरू नका, कारण उघड्या चुंबकाला चिकटलेले कण मग निघत नाहीत. जे कण दुरूनच उडी मारून चिकटतात ते मॅग्नेटाइट. चुंबक अगदी टेकवल्यावरच जे हलतात त्यांत बहुतांश इल्मेनाइट. उरलेल्या वाळूवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. बारीक बुडबुडे आले तो शिंपल्यांचा चुरा. ज्याला काहीच होत नाही आणि काचेवर घासल्यावर ओरखडा उठतो, ती गारगोटी.

असाच नमुना नातेवाइकांकडून इतर किनाऱ्यांचाही मागवा. लक्षद्वीपची वाळू प्रवाळाची, लिंबू टाकताच फसफसते. केरळात चवऱ्याची आणि तमिळनाडूत मनवलकुरिचीची वाळू काळी, पण ती आपल्यासारखी लाव्ह्यातून आलेली नाही. ती फार जुन्या खडकांतली आहे आणि तिच्यात थोरियम असलेलं मोनाझाइट सापडतं, म्हणून तिथली वाळू मात्र मागवू नका.

प्रश्न : देवबागला पुळणीवर घर आहे. विहीर पंधरा फुटांची, पाणी गोड होतं. मोठा पंप बसवल्यापासून मचूळ लागतं. विहीर खोल करू का?
— एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : खोल अजिबात करू नका. वाळूत मुरलेलं पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्राचं पाणी अडीच टक्के जड असतं. त्यामुळे विहिरीतली पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल, तर गोडं पाणी खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत टिकू शकतं. हेच उलटंही लागू पडतं. उपशाने पातळी दहा सेंटिमीटर उतरून तशीच राहिली, तर खालचं खारं पाणी चार मीटर वर येऊ पाहतं. मोठा पंप नेमका विहिरीखालीच हा उंचवटा तयार करतो.

पंप बदलून सर्वांत लहान घ्या, पाण्याची टाकी मोठी घ्या आणि दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं पाणी उचला. पंपाचं तोंड तळाशी न ठेवता पाण्याच्या पृष्ठभागाखाली हातभर ठेवा. छपराचं पाणी वाळूच्या गाळणीतून विहिरीलगतच्या खड्ड्यात जिरवा. किनाऱ्याकडचा वाळूचा उंचवटा आणि त्यावरची केतकी, मर्यादवेल, उंडी अजिबात काढू नका. पावसाचं पाणी थोपवून जिरवणारी जागा तीच आहे. चव फसवी असते, म्हणून क्षारमापक घेऊन महिन्यातून एकदा नोंद करा. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० ही शेवटची मर्यादा. बिघडलेली विहीर एका पावसात सुधारेलच असं नाही. दोन-तीन पावसाळे धीर धरावा लागतो. लक्षद्वीपच्या बेटांवर माणसं याच पातळ गोड्या थरावर पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत, कारण तिथे विहिरी उथळ ठेवतात आणि पाणी बेताने काढतात.

प्रश्न : दरडी हिमालयात कोसळतात असं शिकलो. आता त्या आमच्याकडेच का?
— एक वाचक, पोलादपूर

उत्तर : दोन्हीकडची कारणं वेगळी आहेत. हिमालय अजून वर उचलला जातो आहे. तिथला दगडच मोडलेला आहे, भूकंप होतात, नद्या डोंगराचा पायथा कापतात. सह्याद्रीचा दगड भक्कम आहे, पण त्याच्यावर हजारो पावसाळ्यांनी झिजवलेल्या मातीची काही मीटर जाड गोधडी उतारावर पसरली आहे. सलग दोन-तीन दिवस प्रचंड पाऊस झाला की माती पाण्याने जड होते, खालच्या दगडात ते पाणी शिरत नाही, आणि माती व दगड यांच्यामधला आधार सुटतो. तळीये २२ जुलै २०२१ ला गाडलं गेलं आणि इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ ला. दोन्ही वेळा मोठा पाऊस सुरू होता.

घरासाठी किंवा रस्त्यासाठी पायथा उभा कापला आणि वरच्या पाण्याला वाट दिली नाही, तर उतार कमकुवत होतो. कापणी करावीच लागली तर माथ्यावर आडवा चर काढून पाणी बाजूच्या पऱ्यात सोडा. सिमेंटच्या भिंतीत खालपासून वरपर्यंत पाणी जाण्याची भोकं ठेवा. ती नसतील तर पाणी भिंतीमागे साठतं आणि भिंतीसह सगळं खाली येतं.

अंगणात उभ्या बाजूंचा डबा ठेवून रोज सकाळी पट्टीने पाऊस मोजा. निमुळती बादली चालत नाही. चोवीस तासांत २०० मिमीच्या वर गेला, की सावध राहा. पुढील खुणांपैकी एकही दिसली तर पुढच्या मोजणीची वाट पाहू नका. उताराला आडवी नवी भेग, दारं-खिडक्या अचानक अडकू लागणं, झाडं किंवा विजेचे खांब कलणं, नेहमीच्या झऱ्याचं पाणी गढूळ होणं किंवा नव्या जागी झरा फुटणं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मुसळधार पावसात पऱ्याचं पाणी एकाएकी कमी होणं. वर कुठेतरी दरडीने ते अडवलेलं असतं आणि ते फुटून येतं. तेव्हा सामान न घेता, पऱ्याच्या वाटेने न उतरता, बाजूच्या उंच आणि कमी उताराच्या जागी निघावं. रात्र असेल तरीही.

प्रश्न : गुवाहाटीला असलेला मुलगा डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो म्हणतो. आमच्याकडे सहा वाजले तरी सूर्य असतो. घड्याळ तर एकच आहे ना?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : घड्याळ एकच, सूर्य वेगळा. आपली प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटं रेखांशाची, उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणारी. रत्नागिरी त्याच्या सव्वानऊ अंशांच्या आसपास पश्चिमेला आणि गुवाहाटी जवळजवळ तेवढंच पूर्वेला. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे तुमच्या दोघांच्या माध्यान्हात सव्वा तासाचं अंतर. शिवाय गुवाहाटी नऊ अंश उत्तरेला असल्याने हिवाळ्यात तिथला दिवसच लहान असतो.

अंगणात ओळंब्याने सरळ काठी रोवा आणि सावली सर्वांत आखूड होते ती वेळ टिपा. रत्नागिरीत ती सरासरी १२ वाजून ३७ मिनिटांच्या आसपास येते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२० च्या जवळ, फेब्रुवारीच्या मध्याला १२:५० च्या जवळ, कारण पृथ्वीचा सूर्याभोवतीचा वेग आणि आसाचा कल यांमुळे वर्षभर फरक पडतो. मे महिन्याच्या ८ तारखेच्या सुमारास माध्यान्हीला काठीची सावली जवळपास नाहीशी होईल. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातही सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा आभाळ उघडं मिळणं कठीण.